उकलणाची बरणी

त्या दिवशी वारा नव्हता. हेमलतानं हे पुढे ज्याला त्याला सांगितलं, जणू वारा असता तर सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. दुपारची भाकरी खाऊन ती धाग्याच्या शेडच्या दारात ओले हात झटकत उभी होती. समोर तिचीच बाग. पहिल्या ओळीतली एक केळ, हिरवीगार, घडाच्या ओझ्यानं जराशी वाकलेली, दमलेली बाई भिंतीला टेकून खाली सरकावी तशी खाली बसली. मोडली नाही, उपटली नाही. बसली. धप्प असा ओला आवाज झाला आणि पानं तेवढी वर हलत राहिली.

"टेकू सुटला असंल," आतून रुखमाबाई म्हणाली. शेडमध्ये तिच्याइतका चटकन निकाल कुणी देत नसे.

हेमलता जवळ गेली. टेकू जागच्या जागी होता. गुडघ्याच्या उंचीवर खोडाचे पदर भिजलेल्या वर्तमानपत्रासारखे सुटे झाले होते. तिनं शेजारच्या केळीला अंगठा लावला. धडधाकट केळीचं खोड माठासारखं असतं, गार आणि गच्च. इथं अंगठा नखापर्यंत आत गेला, आणि आत कोमट लागलं. बाहेर काढून तिनं हुंगला.

आंबट वास, मागून थोडा गोडसर. हा वास ती रोज सकाळी झाकण उघडून घ्यायची. बरा आला की म्हणायची, आज माल झकास होणार.

ती तिथेच बांधावर बसली.

केळीला खोड नसतंच मुळी. आपण ज्याला खोड म्हणतो ती एकात एक गुंडाळलेली सोपटं, बाळाला दुपट्यावर दुपटं गुंडाळावं तशी. त्या सोपटांत वरपासून खालपर्यंत धागे असतात, आणि धाग्याला धागा धरून ठेवणारा एक डिंक. एवढं उंच झाड आणि मणाचा घड उभा असतो तो त्या डिंकाच्या भरवशावर. घड उतरला की खोडाचं काम संपलं. पूर्वी ती खोडं तोडून बांधावर टाकत. तिथे ती महिनोन् महिने सडत, माशा घोंघावत, आणि सासवा सुनांना सांगत, तिकडून जाऊ नको, जनावर असतं. मग ती खरवडून धागा काढायची यंत्रं आली. धागा निघायचा, पण केरसुणीसारखा. त्याचे दोर झाले, पायपुसणी झाली, फार तर फार कौतुकानं विकत घेऊन कुणी न वापरलेल्या पिशव्या झाल्या.

प्लास्टिकच्या सुतावर बंदी आली आणि साऱ्या गिरण्यांना झाडाचा धागा हवासा झाला, पण मऊ. तेव्हा संशोधन केंद्रातल्या इरावती कुलथे नावाच्या मुलीनं एक जीवाणू घडवला. तो डिंक खायचा आणि धाग्याला दातही लावायचा नाही. खरवडलेली सोपटं त्याच्या पाण्यात घातली की धागे असे सुटायचे, जणू न्हाऊन आलेल्या पोरीचे केस. त्याला आकड्यांचं लांबलचक नाव होतं. शेडमधल्या बायकांनी त्याला उकलण म्हणायला सुरुवात केली. दुधाला विरजण, सोपटाला उकलण.

इरावतीनं त्याला जन्मतःच लंगडा केला होता. जगायला लागणारा एक पदार्थ त्याला स्वतःला बनवता यायचा नाही, तो बाटलीतून द्यावा लागे. बायका त्याला खुराक म्हणत. खुराक बंद, की जीवाणू खलास. शेडबाहेर तो जगणारच नाही, अशी सगळी व्यवस्था. भिंतीवर चित्रांसकट सूचना होत्या: दर वेळी नवं पाकीट फोडा, वापरलेलं पाणी औषध घातलेल्या खड्ड्यातच सोडा, काहीही घरी नेऊ नका.

सूचना सगळ्यांनी वाचल्या होत्या. पण नव्या पाकिटाचं काम रेंगाळायचं, आणि त्यात आदल्या घाण्याचं वगराळंभर पाणी घातलं की दिवसाच्या आत माल तयार. जन्मभर दही लावणारी बाई चांगलं विरजण फेकून देईल का? आणि पाणी खड्ड्यात ओतायचं? या भागात ज्या बाईच्या मोरीचं पाणी परसातल्या केळीला जात नाही, तिला स्वयंपाकही येत नसणार असं लोक धरून चालतात. धुवण केळीच्या बुडाशीच गेलं. केळी तरारल्या, बायका खूश झाल्या.

आणि विरजण मागायला कुणी दारात आलं तर नाही म्हणत नाहीत. दिवे लागल्यावर तेवढं द्यायचं नाही, एवढाच नियम. हेमलतानं मागेल तिला बरणी भरून दिली. पलीकडच्या गावच्या शेडला दिली, रुखमाच्या बहिणीला दिली. कुमुद, तिची धाकटी नणंद, एकदा दिवेलागणीला आली होती. "वहिनी, दे ना व. मी काय परकी हाय?" म्हणाली. तिला नियम मोडून दिली.

इरावती आली तेव्हा बागेतल्या अर्ध्या केळी बसल्या होत्या. तिनं खोडाचा तुकडा घेतला, गाडीतल्या यंत्रात घातला, आणि उलट्या घमेल्यावर बसून पडद्याकडे बघत राहिली. वयानं हेमलताच्या मुलीसारखी. पायात चिखलाचे बूट, ओढणी मानेभोवती फास लावल्यासारखी.

"काकू, हा माझाच आहे," ती म्हणाली. "पण मी पाठवला तसा राहिलेला नाही."

"म्हणजे?"

"खुराक पुरवून पुरवून वापरत होतात ना?"

"मग? बाटली संपली की दुसरी यायला वेळ लागायचा."

"तेव्हा उपाशी मेले ते मेले. पण कोट्यवधींत एखादा असा निघाला की ज्याला खुराक स्वतःच बनवता यायला लागला. तो जगला. त्याचं वगराळं तुम्ही पुढच्या घाण्यात घातलंत. असं कितीदा तरी. दर वेळी सगळ्यात चिवट तेवढा निवडत गेलात. आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो, पण मुद्दाम आणि बंद दारामागे." ती थांबली. "मी सगळ्याचा हिशोब धरला होता. उंदीर, पूर, चोरी. विरजणाचा नव्हता धरला."

"भिंतीवर लिहिलं होतं तुम्ही."

"वाचलं होतंत?"

"वाचलं होतं. पण चांगलं विरजण कोण फेकतं, बाई?"

इरावती हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं बाहीनं पुसले आणि कामाचं बोलायला लागली. जिथे जिथे बरणी गेली त्या प्रत्येक ठिकाणी आजूबाजूची सगळी केळ तोडायची, चुना घालून जाळायची. हिरवी असली तरी, घड असला तरी. तापीच्या अलीकडे हे थांबलं तर थांबलं. पलीकडे केळी आहेतच, शिवाय पपया, कापूस.

"कापसाचं काय?"

"डिंक सगळ्याच झाडांत असतो, काकू. आज याला केळीचा आवडतोय. उद्याचं मला सांगता येत नाही." तिनं हेमलताचा हात धरला. "कुणाकुणाला दिलंत ते सगळं सांगा. एक घर जरी राहिलं ना, तर बाकीच्यांनी तोडलेलं फुकट गेलं समजा."

हेमलतानं नावं सांगितली. रुखमाच्या बहिणीचं सांगितलं तेव्हा रुखमानं तिच्याकडे असं पाहिलं की हेमलताची मान खाली गेली. तरीही सांगितलं. सगळी सांगितली. फक्त कुमुदचं तोंडाशी येऊन गिळलं.

घरी प्रल्हादनं, तिच्या नवऱ्यानं, पहिला प्रश्न तोच केला. "कुमुदचं नाव घेतलं?"

"नाही."

"मग घेऊ पण नको." तो बाजेवर बसला. "वसंतराव दाजी गेल्यावर लोकं म्हनत होते, बाई मानसाकडून बाग होत नाही. तिनं करून दाखवली. शलाकेचं, पोरीचं, लग्न त्याच बागेवर केलं. आता निसवलीय बाग, घड लागलेत. आन तू जाऊन सांगशील, तोड?"

"तिच्याकडून पुढे गेलं तर?"

"तिच्या केळी चांगल्या हाईत. मी परवा पाह्यल्या."

"आपल्याही परवा चांगल्याच होत्या."

तो उठला, दारापर्यंत गेला, आणि तिकडे तोंड करूनच म्हणाला, "मी भाऊ हाय, मला बोलायचा हक्क नाही म्हन. पन बरणी कोणं दिली व? तूच ना?"

हेमलतानं पायात चप्पल सरकवली. आणि कुमुदकडे निघाली.

कुमुदची बाग बघत राहावी अशी होती. नुकते घड बाहेर पडलेले, प्रत्येक घडाच्या टोकाला केळफुलाचं जांभळं कमळ लोंबतंय, आणि ओळींमधून हिरवा अंधार. हेमलता फाटकातल्या पहिल्या केळीजवळ थांबली. अंगठा लावला. गार, गच्च. दुसरी, तिसरी. गच्च. तिला एकदम हलकं वाटलं.

"माह्या केळीचे गाल काय दाबू राहिली?" कुमुद ओट्यावरून ओरडली. "ये ना व, चहा टाकते."

चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग हेमलतानं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "ती बरणी कुठाय, कुमुद?"

"कोणती बरणी?"

"मी दिलेली."

"ती होय. ती त्याच आठवड्यात ओतून देली मी. वास यायचा." कुमुद कप विसळायला उठली. "मला कुठं येतं ते धाग्याचं."

हेमलता तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. खिडकीत दह्याचं सट होतं, वर जाळीचं झाकण. शेजारी काचेची बरणी, तोंडाला पांढरं फडकं, फडक्याला सुबक गाठ. फडकं हेमलताच्याच जुन्या लुगड्याचं होतं. खाली मोरी, आणि मोरीच्या तोंडाला लावलेली नळी भिंतीतून थेट बागेकडे.

दोघीही बरणीकडे बघत राहिल्या.

"गाठ छान मारलीस," हेमलता म्हणाली.

"वहिनी, मी तुह्या पाया पडते."

"अगं..."

"माह्या केळी चांगल्या हाईत. तू आत्ता दाबून पाह्यल्या. मी बरणी उकळून टाकते, तुह्यासमोर टाकते. नाव तेवढं नको घेऊ. घड निघू दे. घड निघाल्यावर मी सोता तोडते सगळं, शलाकेची शप्पत."

हेमलतानं विचार केला. अगदी खरा विचार केला. कुणाला कळणार होतं? केळी गच्च होत्या. एक घर. मग तिला रुखमाची बहीण आठवली, तिच्याही केळी गच्चच होत्या, आणि तरी तिचं नाव सांगितलं होतं. तिनं कमरेचा फोन काढला.

"इथून लावू नको," कुमुद म्हणाली. "बाहेर जाऊन लाव. माह्या घरातून नको."

"तुझ्या पाठीमागे नाही लावणार."

आणि कुमुदच्या चुलीपुढे, कुमुदच्या डोळ्यांदेखत, हेमलता म्हणाली, "इरावतीबाई, एक नाव राहिलं होतं माझ्याकडून. माझी नणंद. कुमुद फेगडे."

तोडायला माणसं आली तेव्हा कुमुदनं त्यांना फाटकात अडवलं. हेमलताला वाटलं, आता आडवी पडते. पण तिनं मुकादमाच्या हातातला कोयता काढून घेतला आणि पहिली केळ स्वतः तोडली. एका घावात. घड खाली आपटला, चीक उडाला, तिच्या लुगड्यावर त्याचे डाग पडले. ते डाग कधी जात नाहीत. हेमलतानं दुसरा कोयता उचलला. दोघी शेजारशेजारच्या ओळींतून तोडत गेल्या. मागून माणसं चुना टाकत होती. कुमुद तिच्याशी एक शब्द बोलली नाही. पाणी पिताना तांब्या दिला तो सुद्धा जमिनीवर ठेवून.

अगदी शेवटी, बांधाकडेच्या केळीपाशी कुमुद थांबली. खोडाला कपाळ टेकवून उभी राहिली. मग पाठमोरीच, झाडाशी बोलावं तसं म्हणाली, "शलाकेच्या ओटीबरोबर पाठवली होती छोटी बरणी. तिच्या सासरी बायकांचा गट हाय म्हने. ती म्हनते, कधीच टाकून देली."

आणि घाव घातला.

शलाकेचं सासर तापीच्या पलीकडे.

हेमलतानं फोन लावला. शलाका म्हणाली, "मामी, आईला किती वेळा सांगू? टाकली ती." इरावतीची माणसं तीन गावांत पांगली होती, आणि तिकडचे अधिकारी चार दिवस हेच म्हणत होते की नदीपलीकडे एकही तक्रार नाही, नसलेल्या रोगाची बोंब कशाला. इरावतीचा आवाज बसला होता. "काकू, ती खरं बोलत असेल. बोलत असू दे." जरा थांबून ती म्हणाली, "पण तुमची नणंद पण असंच म्हणाली होती ना?"

हेमलता एसटीनं निघाली. पुलावर पोलिसांनी सगळ्यांच्या चपला चुन्याच्या पाण्यात बुडवून घेतल्या. एक म्हातारा कुरकुरला, की माणसांना रोग नाही आणि चपलांना कसला. खाली नदी रुंद आणि संथ होती. कुमुदची अख्खी बाग या पाण्याच्या भरवशावर राख झाली होती.

पोचेपर्यंत दिवे लागले. शलाकेची सासू मंगलाबाई तुळशीपाशी निरांजन ठेवून वळत होती. सात महिन्यांची पोटुशी शलाका दारात आली आणि मामीला बघून तिचा चेहरा उतरला.

"मामी, मी सांगितलं ना, टाकली."

"हो गं, सांगितलंस. मी आपली तुला बघायला आले." हेमलता ओट्यावर टेकली. पाणी प्यायली. मग मंगलाबाईंकडे वळली. "विहीणबाई, एक मागायला आलेय. नाही म्हणू नका. उकलणाची बरणी द्या मला."

मंगलाबाई चारचौघींत मानाची बाई. तिनं पदर सारखा केला आणि समजुतीनं म्हणाली, "देईन की. तुमच्याच घरची वस्तू. पण आत्ता नको. दिवे लागले. सकाळी न्या."

शलाकेनं डोळे मिटले.

हेमलताला हसू आलं. "सकाळी नेते," ती म्हणाली. "मोरीचं पाणी कुठे सोडता, विहीणबाई?"

"पाणी? केळीला. दुसरीकडे कुठं सोडणार?"

ती कुणाला न विचारता घरातून आरपार मागे गेली. परसात एकच कूळ होतं केळीचं, मधली मोठी, भोवती पिलं. वर घड. बुडाशी ओल, ओलीत भाताची शितं. कुंपणापलीकडे शेजाऱ्याची बाग सुरू होत होती आणि ती अंधारात कुठे संपत होती ते दिसत नव्हतं.

"बघा की," मागून मंगलाबाई म्हणाली, "काय झालंय तिला? शलाका आली त्या वर्षी लावलीय. पहिला घड बाळंतिणीच्या नावाचा."

हेमलतानं हात पुढे केला. मग मागे घेतला, पदराला पुसला. आयुष्यात तिनं कधी देवाकडे केळ गच्च असू दे असं मागितलं नव्हतं. मागितलं. आणि अंगठा लावला.

कोमट होतं.

अंगठा नखापर्यंत गेला, मग पेरापर्यंत गेला. तिनं दाबलं नव्हतं. पान हललं नाही, घड हलला नाही. तिनं अंगठा बाहेर काढला नाही; काढला की वास येईल, आणि वास आला की ते खरं होईल. शलाका शेजारी येऊन उभी राहिली. तिनं मामीच्या हाताकडे बघितलं आणि पोटावर दोन्ही हात ठेवले.

"मामी, धागा असा सुरेख निघायचा," ती हळूच म्हणाली. "मला बाळाचं दुपटं करायचं होतं. त्यासाठी ठेवली."

कमरेचा फोन वाजला. हेमलतानं डाव्या हातानं काढला. कुमुदचं नाव होतं. बाग तोडली त्या दिवसापासून या नावानं फोन आला नव्हता. मधे राखी येऊन गेली, प्रल्हादनं गळ घालून झाली, तरी ती आली नव्हती.

"वहिनी," कुमुद म्हणाली. आवाज कोरडा होता, सवय मोडल्यासारखा. "पोचली का?"

"पोचले."

"शलाका बरी हाय?"

"बरी आहे. शेजारीच उभी आहे."

पलीकडे कुमुदनं श्वास घेतला. "आन केळ? तिच्या परसातली केळ बरी हाय ना व? माही गेली ती गेली. पन तिकडं नाही ना गेलं?"

बरी आहे, असं म्हणणं किती सोपं होतं. रात्रभर तरी झोपली असती बिचारी. हेमलतानं कुंपणापलीकडच्या काळ्या बागेकडे पाहिलं. आधी इरावतीला लावायला हवा होता, तिला माहीत होतं. पण एक फोन त्याच्याही आधीचा होता.

"कुमुद," ती म्हणाली, "सकाळच्या पहिल्या गाडीनं ये. कोयता घेऊन ये."

फोन बंद पडला असं वाटून हेमलतानं तो कानापासून दूर केला, तेवढ्यात पलीकडून आवाज आला. खुंटीवरून काहीतरी लोखंडी काढल्याचा.

"एक आणू का दोन?" कुमुदनं विचारलं.

"दोन," हेमलता म्हणाली.